अंग चोरून

१

वनखात्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. एक तर दुर्बीण सदैव तिच्या गळ्यात लटकलेली असायची, आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाई कशावर विश्वास ठेवायची नाही. साहेबांनी काही सांगितलं तरी "बघते" म्हणायची आणि खरोखरच बघून यायची. त्यामुळे अभयारण्याच्या पार टोकाच्या चौकीवर उन्हाळ्याचा हंगाम काढायला कोणीतरी हवं असा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनेही आढेवेढे घेतले नाहीत. नवरा जहाजावर होता, हंगाम संपेपर्यंत काही परतणार नव्हता. प्रश्न होता तो सासूबाईंचा.

"मी काय इथे भिंतींशी बोलत बसू?" सासूबाई म्हणाल्या. "मीही येते."

"आई, तिथे वीज नाही. शेजार नाही. दुकान म्हणाल तर गाडीने अर्ध्या दिवसावर."

"मग बरंच आहे की. तुझ्या हातचं खाऊन मी आजारी पडले तरी चार लोकांत बभ्रा व्हायचा नाही."

अशी दोघींची वरात चौकीवर येऊन पोचली. दोन खोल्या, मध्ये अंधारा बोळ, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागच्या दाराला लागून ओसरी. ओसरीवर भिंतीला टेकवलेला एक लांबलचक लाकडी बाक. समोर अंगण, अंगणाच्या टोकाला हातपंप आणि सिमेंटचा हौद. त्यापुढे नुसता माळ, थेट झाडांच्या काळ्या रेघेपर्यंत.

काम सोपं होतं, फक्त रोजचं होतं. सकाळी कुंपणाच्या कडेने फेरी मारायची. परत आल्यावर पंप हापसून हौद काठोकाठ भरायचा, कारण माळावरचं तळं आटलं होतं आणि कळपाला पाणी तेवढंच. उन्हं कलायच्या आत हरणं यायची. तेव्हा चौकीशेजारच्या मचाणावर बसून त्यांच्याकडे बघायचं. कोणतं लंगडतंय, कोणाच्या बरगड्या दिसायला लागल्या, कोणाच्या पिलाला दूध पुरत नाही. मग वायरलेसवरून कार्यालयाला कळवायचं की सगळं ठीक आहे.

पहिले काही दिवस तिच्या ते ध्यानातही आलं नाही. हरणं पाण्यावर कशी तुटून पडतात हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तिकिटाच्या खिडकीवर झुंबड उडावी तशी. शिंगं शिंगांत, पिल्लं पायांत, मागचं पुढच्याच्या पाठीवर मान टाकून. पण या झुंबडीत हौदाच्या काठाशी एक जागा मोकळी राहायची. एक माणूस आरामात उभा राहील एवढी. मागे तहानलेली हरणं ताटकळत, दुसऱ्यांच्या खांद्यांमधून नाक खुपसायला बघत. त्या मोकळ्या जागेत मात्र कोणी तोंड घालत नव्हतं.

साप असेल, असं तिला वाटलं. ती खाली उतरून बघून आली.

साप नव्हता.

२

दुर्बीण म्हणतात ती काय उगीच? तिने ती जागा बारकाईने तपासली. सिमेंट इतर जागेसारखंच गार. पाण्याला वास नाही. खालची माती चाळून पाहिली, त्यात हाड नाही, तार नाही, काही नाही. मग तिने कोठीतून मिठाची एक लादी काढली आणि नेमकी त्या जागी ठेवली. मिठासाठी हरीण माणसाच्या हातालाही तोंड लावतं. आता बघू, म्हणाली, किती वेळ दूर राहतात.

कळप आला. मिठाच्या लादीवर नुसती मारामारी. ती गालातल्या गालात हसली आणि दुर्बीण खाली ठेवणार, तोच तिला हौदाचं दुसरं टोक दिसलं. तिथे एक जागा मोकळी होती. एका माणसापुरती.

म्हणजे दोष जागेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने हौदाकडे बघितलंच नाही. कळप झाडांतून बाहेर पडायच्या आधीच तिने दुर्बीण त्या काळ्या रेघेवर रोखली. हरणं एकेक करून उजेडात आली, मग दाटीने, आणि त्या दाटीच्या मधोमध तो मोकळा तुकडा त्यांच्याबरोबर चालत येत होता. अगदी सावकाश. पुढची हरणं मध्येच थांबत होती, मागची रेटारेटी करत नव्हती. एक अवखळ पिल्लू उड्या मारत त्या बाजूला गेलं, तशी त्याच्या आईने मान घालून त्याला हळूच बाजूला सारलं. घाबरून नव्हे. घाबरलेलं हरीण कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं. कान ताठ, शेपूट वर, कातडी थरथरते. इथे तसं काहीच नव्हतं. पाहुण्यांच्या पायात कडमडणाऱ्या पोराला आई जशी दंडाला धरून बाजूला घेते, तसं त्या हरिणीने केलं होतं.

तो तुकडा हौदापाशी आला, थांबला. हरणं पाणी पिऊ लागली.

तिने खूप वेळ दुर्बिणीच्या काचा पुसल्या.

३

"मान देत असतील," सासूबाई म्हणाल्या. त्या ओसरीवर बसून डाळ निवडत होत्या. सुनेने त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिथे सांगायला दुसरं होतं कोण?

"कोणाला मान, आई?"

"ते मला काय माहीत? तुझे सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, पण जेवताना त्यांच्या खुर्चीवर आपल्याकडे कोणी बसतं का? कोणी सांगितलं नव्हतं बसू नका म्हणून. आपोआप होतं. ते हयात असतानाही कोणी बसत नव्हतं म्हणा. खुर्चीचा एक पाय डुगडुगायचा."

"हरणांचे सासरे नसतात."

"तुला काय ठाऊक? विचारलंस कधी?" सासूबाईंनी डाळीतला खडा अंगणात भिरकावला. "सगळं दुर्बिणीतून बघायचं आणि मग घाबरायचं. मला बघ, चष्म्याशिवाय हौदसुद्धा दिसत नाही. झोप कशी गाढ लागते."

ती हसली. सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या बोलल्या की घर घरासारखं वाटायचं. कसली तरी सवय असेल, तिने स्वतःला बजावलं. जनावरांच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पूर्वी कधी कळपात एखादं आंधळं, म्हातारं जनावर असेल, त्याला जागा सोडत असतील. ते गेलं, सवय राहिली. पटण्यासारखं होतं. वायरलेसवर कार्यालयातल्या बाबूने नेहमीसारखं "सगळं ठीक?" विचारलं, तेव्हा ती ठीक म्हणाली.

४

शिधा घेऊन गाडीवाला आला तो दिवस सणासुदीसारखा वाटायचा, कारण तो आला की गप्पांचा पाऊस. यावेळी त्याच्या मेव्हण्याने नवं घर बांधलं होतं आणि जिना बांधायचाच राहून गेला होता. खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन तो बोळातून स्वयंपाकघराकडे निघाला, मागे ती, हातात तेलाचा डबा घेऊन.

"मग मी त्याला म्हटलं, अरे बाबा, वरच्या मजल्यावर जाणार कसा तू, पतंगाला लटकून?" असं म्हणता म्हणता गाडीवाला बोळाच्या मध्यावर थांबला. पोत्यासकट भिंतीला पाठ लावली. पोट आत ओढलं. समोरून कोणी येत असलं की अरुंद जागेत आपण अंग चोरतो, अगदी तसं. क्षणभर तसाच थांबला आणि पुन्हा चालू लागला. "तर तो म्हणतो, शिडी आहे ना!"

"थांबलात का?" तिने विचारलं.

"कुठे थांबलो, मॅडम?"

"आत्ता. भिंतीला टेकलात."

"मी?" त्याने पोतं खाली टाकलं आणि घाम पुसला. "छे हो. मावशी, चहा टाकताय ना?"

त्या दिवसापासून ती सासूबाईंकडे बघायला लागली. बघायला नको होतं, पण स्वभावाला औषध नसतं. सासूबाई दारातून जाताना मध्यातून जात नव्हत्या. चौकटीला खांदा घासून, कडेने जायच्या. केर काढताना केरसुणी एका ठिकाणी वळसा घालायची. आणि तो बाक. चौघं ऐसपैस बसतील एवढा बाक, आणि सासूबाई त्याच्या अगदी टोकाला, सगळं अंग आखडून.

"आई, नीट बसा ना. पडाल."

"नीटच बसलेय की."

"एवढी जागा आहे."

सासूबाईंनी शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "कुठे आहे जागा?" त्या म्हणाल्या. त्यांना गंमत सुचली असेल म्हणून ती वाट बघत राहिली. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "काय बोलत होतो गं आपण?"

५

गाडीवाल्याला भ्रम झाला असेल, सासूबाईंचं वय झालंय. आपण तरी शाबूत आहोत, असं तिला वाटत होतं. हे वाटणं एका सकाळी कुंपणाची फेरी करून परतताना संपलं.

कुंपणाच्या कडेची पायवाट पिठासारख्या धुळीची होती. त्या वाटेवर तिच्याखेरीज कोणी चालत नव्हतं. बुटाचा बंद सुटला म्हणून ती वाकली आणि सहज मागे पाहिलं. वाट चांगली रुंद होती, दोन माणसं गप्पा मारत जातील अशी. आणि तिचे बुटांचे ठसे वाटेच्या मध्यावर नव्हतेच. ते एका कडेला होते, इतके कडेला की जागोजागी बूट बाहेरच्या काटेरी गवतात पडला होता. तिने पोटरीला हात लावला. पँटवर काटे होते, खाली ओरखडे होते, काही ताजे, काही खपली धरलेले. बरेच दिवसांचे.

उरलेली अर्धी वाट कोरी. त्या धुळीत एक रेघसुद्धा नव्हती.

ती उठली आणि मुद्दाम वाटेच्या मधोमध चालू लागली. मान ताठ, हात हलवत, शाळेतल्या कवायतीसारखी. थोडं अंतर गेल्यावर तिने खाली पाहिलं. काटेरी गवत तिच्या बुटाला घासत होतं.

आणि वेग. तिची चाल झपझप होती, नवरा त्यावरून चिडवायचा. मग हल्ली फेरीला एवढा उशीर का होतो? का आपण इतक्या हळू चालतोय, पावलापावलावर थांबल्यासारखं, कोणाचं तरी चालणं सांभाळल्यासारखं?

ती पळत सुटली. चौकी दिसेपर्यंत थांबली नाही. पळताना मात्र तिला एकसारखं अपराधी वाटत होतं, कोणाला तरी मागे एकटं टाकून आल्यासारखं.

६

त्याच दुपारी कळप आला. तिला मचाणावर जायचं नव्हतं, पण न बघता खोलीत बसणं त्याहून अवघड होतं.

तो मोकळा तुकडा हौदाशी येऊन थांबला, तसं मागचं दार वाजलं. सासूबाई बाहेर आल्या. काठी न घेता. गुडघ्यामुळे त्यांना ओसरीची पायरीसुद्धा जड जायची, आणि त्या अंगण ओलांडून सरळ कळपात शिरल्या. पान पडलं तरी उधळणारी ती हरणं. एकही हललं नाही. त्यांनी सासूबाईंना वाट करून दिली, आणि त्यांच्यामागे पुन्हा मिटली.

 ओरडावं तर कळप उधळायचा आणि त्यात म्हातारी तुडवली जायची. दुर्बिणीतून तिला दिसत होतं: सासूबाई हौदाच्या कडेने चालत होत्या. डावा हात कोपरात वाकवलेला, अंगापासून थोडा दूर धरलेला. त्या हातावर भार पडल्यासारखा खांदा एका बाजूने खाली गेला होता. मान त्याच बाजूला कललेली. ओठ हलत होते.

ती शिडीवरून उतरली आणि श्वास रोखून चालत निघाली. हरणांनी तिला पाहिलं. कान ताठ, शेपट्या वर, आणि एका झटक्यात सगळा कळप माळावर उधळला. धूळ खाली बसली तेव्हा सासूबाई हौदापाशी एकट्या उभ्या होत्या.

"घाबरवलंस ना!" त्या चिडून म्हणाल्या. "किती मुश्किलीने बाहेर..."

"कोण बाहेर, आई? हरणं?"

"हरणं कशाला? ते..." सासूबाईंचा चेहरा कोरा झाला. ओठांवर आलेला शब्द निसटावा तसा.

"तुम्ही कोणाबरोबर होतात?"

"मी? एकटीच की. इथे कोण असणार?" असं म्हणताना त्यांनी उजवा हात उचलला आणि डाव्या हाताच्या थोडं वर, हवेतच, हलकेच थोपटलं. घाबरलेल्या माणसाचा हात थोपटतात तसं.

तिने सासूबाईंना दंडाला धरून, उजव्या बाजूने, घरात आणलं आणि वायरलेस लावला.

"गाडी पाठवा. आम्हाला परत यायचंय."

"कारण काय लिहू?" बाबूने विचारलं.

तिने दारातून हौदाकडे पाहिलं. काय लिहायचं? हरणं जागा सोडतात?

"सासूबाईंना बरं नाही."

"मग तसं सांगा ना. उद्या दुपारी पोचते गाडी. बदली माणूसही त्याच गाडीतून पाठवतो."

७

सामान बांधून झालं. सासूबाईंनी कुरकुर केली नाही, हेच तिला खटकलं. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

शेवटचं म्हणून तिने हौद भरला. कळप त्या दिवशी लवकर आला. ती अंगणातूनच बघत राहिली. झुंबड उडाली. शिंगं शिंगांत, पिल्लं पायांत. तिने हौदाचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने चाचपला. पुन्हा चाचपला. कुठे बोटभर फट नव्हती. हरणं खेटून उभी होती, एकमेकांना ढुसण्या देत, ओरबाडून पाणी पीत होती.

तिला रडू येईल इतकं हायसं वाटलं. संपलं. गेलं ते.

मग तिच्या मनात आलं, गेलं म्हणजे कुठे गेलं?

तिने सावकाश मान वळवली. सासूबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, अंग चोरून. बाकी सगळा बाक रिकामा. रिकाम्या बाजूकडे कलून त्या हळू आवाजात बोलत होत्या. "घर मोठं आहे हो. तुम्हाला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. ही जरा तापट आहे, पण मनाने..."

"आई!"

"काय गं? ओरडतेस केवढ्याने." सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "गाडीवाला येईल एवढ्यात. त्याच्यासाठी चहा टाकते." आणि चौकटीला खांदा घासत आत गेल्या.

ती बाकासमोर उभी राहिली. भीतीच्याही पलीकडे आता तिला राग आला होता. ऊन लख्ख होतं, आत कपबश्या वाजत होत्या. बाकावर काही नव्हतं, नुसतं लाकूड. तिने मनाशी विचार केला: आम्ही जागा सोडतो म्हणून ते आहे. हरणांनी सोडली, गाडीवाल्याने सोडली, मीही सोडली. कोणीतरी एकदा ती जागा भरून टाकली की विषय संपला. आणि घरी न्यायचं नसेल तर ते इथेच, आत्ताच करायला हवं.

ती बसायला गेली, आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी असल्याचं तिच्या लक्षात आलं. ती पुन्हा गेली. या वेळी ती पायरीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. दोन्ही वेळा मधलं काही आठवत नव्हतं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, मागे हात नेऊन बाकाची फळी दोन्ही मुठींत पकडली, आणि अंगातला सगळा जोर लावून स्वतःला खाली दाबलं.

बसली.

काही झालं नाही. वारा नाही, गारवा नाही. लाकूड उन्हाने कोमट होतं. तिने डोळे उघडले आणि तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पाय पसरून, पाठ टेकून, ऐसपैस बसली.

तेवढ्यात फळी करकरली. तिच्या शेजारी. कोणीतरी अगदी जपून, जरासं उठून, तिकडे सरकून बसावं तशी. तिला जागा व्हावी म्हणून.

तिला उठायचं होतं. पाय उठेनात.

मागचं दार उघडलं. सासूबाई चहाची कपबशी घेऊन बाहेर आल्या, कपाळावर आडवा हात धरून माळाकडे बघू लागल्या. "अगं ए! चहा झालाय! गेली कुठे ही?"

"आई, इथे आहे मी," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान थोडी कलती केली, जसं लांबून काही ऐकू आलं की नाही ते कळत नसावं. लांबवर, माळाच्या कडेला गाडीचा भोंगा वाजला.

"आई. माझ्याकडे बघा." तिने हात पुढे केला.

नजर माळावरच ठेवून सासूबाईंनी अंग चोरलं. चहा सांडू नये म्हणून कप दुसऱ्या हातात घेतला. "येईल," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "जाते कुठे." आणि बाकाच्या पार टोकाला, अर्ध्या बाकावर, अर्ध्या अधांतरी अशा बसल्या. शेजारी त्यांनी नीट जागा सोडली होती.

दोघांना पुरेल एवढी.